विटांवरची मोटार

१९३८ सालची गोष्ट. कुसगावच्या वाहिदनं आपली जुनी मोटार घरामागच्या कौलारू शेडमध्ये विटांवर चढवली होती. त्याची पोटुशी लेक अमिना तळेगावला सासरी होती. तिला बाळंतपणाला आणायच्या आत मोटार धडधाकट व्हायला हवी होती. चारी चाकं काढून झाली होती आणि इंजिन सुटं होऊन गोणपाटावर पडलं होतं.

तरी एका दुपारी वाहिदचा हात बॉनेटला लागला आणि त्यानं तो झटकन मागं घेतला. घाट चढून आल्यासारखं ते तापलं होतं.

"उनानं आसंल," त्याची बायको मेहरुन म्हणाली.

"हितं ऊन कुटं येतंय?"

दुसऱ्या दुपारी तेच झालं, तिसऱ्याही. मेहरुन शेडमध्ये पाऊल टाकेना.

चौथ्या दुपारी अमिनाचं कार्ड आलं. वाहिदनं ते बायकोला वाचून दाखवलं.

"अब्बा, तुमची मोटार रोज दुपारी आमच्या दारावरून जाते. मी हाका मारते, पण तुम्ही बघतच नाही. आज मात्र थांबलात आणि उद्या तयार राहा म्हणालात. मी तयार राहते."

कार्डावर कालची तारीख होती.

वाहिद शेडकडे धावला. मोटार विटांवरच होती, पण तिचं मागचं दार उघडं होतं. त्याच्या डोळ्यांदेखत मागच्या सीटची गादी हळूहळू दबू लागली.

"अमिना, बसू नगं!" तो ओरडला. "उतर!"

कुणीतरी आतून दार ओढून घेतलं.