वळणावरच्या बाईचे संदर्भ

पांढरी साडी, काठाला निळी रेघ. विहारात जाताना नेसायची.

धुकं उतरलं की घाटातल्या त्या वळणावर भाजलेली कणसं हातोहात खपतात.

पान सात, खालचा कोपरा. 'घाटात अज्ञात तरुणीचा मृतदेह.' चार ओळी.

वाऱ्यात मेणबत्ती पेटवायची तर पदर आडवा धरावा लागतो.

'स्वतंत्र, विश्वासार्ह संदर्भ नसतील तर लेख वगळावा.'

यातली शेवटची ओळ हा नियम होता, आणि तो अश्लेषाला तोंडपाठ होता. तळेगावच्या शाळेत ती इतिहास शिकवायची आणि उरल्या वेळात एका ऑनलाइन ज्ञानकोशाचं संपादन करायची. 'प्रतीक्षा ओव्हाळ खून प्रकरण' हा लेख ठेवायचा की काढायचा, यावर संपादकांचा वाद होऊन गेला होता. निर्णय तिच्यावर आला होता. आणि लेख लिहिणारा प्रज्ञेश, प्रतीक्षाचा भाऊ, आईला घेऊन सुदुंबऱ्याहून थेट तिच्या घरी येऊन बसला होता.

"मॅडम, पोलिसांनी फाइल बंद केली," प्रज्ञेश म्हणाला. "पान राहिलं तर कुणीतरी वाचेल. कुणी काही पाहिलं असेल तर बोलेल तरी."

"मला पटतंय रे. पण बातमी एकच, आणि तिच्यात नावसुद्धा नाही. ती मुलगी म्हणजे प्रतीक्षाच, हे कशावरून धरायचं?"

"आम्ही सांगतोय ना."

"घरच्यांचं सांगणं चालत नाही."

त्याची आई, शकुबाई, शेजारीच बसली होती. तिनं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"मंग त्या भुताचं कसं चाललं?"

भुताचं पान अश्लेषानंच ठेवलं होतं. 'घाटातली पांढऱ्या साडीतली बाई.' वर्तमानपत्रांच्या पुरवण्या होत्या, एका वाहिनीचा कार्यक्रम होता, एक पुस्तकही होतं. दरवर्षी कुणाला ना कुणाला ती बाई वळणावर दिसायची. संदर्भ भक्कम होते.

"आमी भूतखेत मानत न्हाई, बाई," शकुबाई म्हणाली. "आन् माज्याच लेकीचं भूत करून ठिवलंय लोकांनी."

संदर्भ म्हणजे काय ते दाखवावं म्हणून अश्लेषानं ते पान उघडलं. वरच फोटो होता, कुणा पर्यटकानं गाडीच्या काचेतून काढलेला. धुकं. लोखंडी कठडा. पाठमोरी पांढरी साडी, आणि छातीशी कसला तरी पिवळा उजेड.

शकुबाई वाकली. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"ही मी हाय."



"वरसातनं एकदा जाती. ती सापडली तितं मेणबत्ती लावाया. गाड्या थांबत्यात, फोटू काढत्यात. कोन गं तू, असं इचारत कुनी न्हाई."

प्रज्ञेश भिंतीकडं बघत राहिला. अश्लेषाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हे कुठं छापून आलंय का, मावशी?"

आपण काय विचारलं ते तिला लगेच कळलं. पण विचारून झालं होतं.

"ह्यो काय," शकुबाईनं फोटोवर बोट टेकवलं. "छापलाय की."

ती दोघं गेल्यावर अश्लेषानं त्या फोटोखाली लिहिलं, 'प्रतीक्षाची आई.' थोडा वेळ तिनं ते तसंच राहू दिलं. संदर्भाची जागा रिकामी होती. तिनं ओळ पुसली. मग चर्चेच्या पानावर जाऊन निर्णय लिहिला. संदर्भ अपुरे, लेख वगळला.

भुताचं पान त्या दिवशीही पुष्कळांनी उघडलं.

प्रतीक्षा सापडली तेव्हा तिच्या अंगात कारखान्याचा निळा शर्ट होता. खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं तिचं नाव शिवलेलं होतं.