रंग उडालेलं पाणी

रंगाच्या कारखान्यानं गावची विहीर लाल केली होती. सुगंधानं धुळ्याच्या कॉलेजातून आणलेली, उन्हात रंग घालवणारी पांढरी पूड विहिरीच्या बरणीभर पाण्यात ढवळली आणि बरणी अंगणात ठेवली. दोन दिवसांच्या उन्हात पूड तळाशी बसली, पाणी नितळ झालं. रंग गेला होता. विष गेलं का, ते तपासणीनंतरच कळणार होतं. ती नमुन्यासाठी बाटली घेऊन आली, तर बरणी अर्धी झालेली.

"आबा, ते तपासाले धाडनं शे!"

"गोड शे," आबा मिशा पुसत म्हणाले. "बठ्ठा लोक भ्यातस, म्हनीसन पहिले मीच पिनं. मनी पोरनं पानी शे!"

शेजारच्या बेबाबाईनं उरलेल्या पाण्यासाठी तांब्या पुढे केला. सुगंधानं बरणी छातीशी धरली.

वर्षभर पाणी लाल होतं, तोवर त्याला कुणी तोंड लावलं नव्हतं.