सगळं जागेवर

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मेव्हणी बेडपॅन घेऊन हजर झाली. "भावोजी, अजिबात उठायचं नाही. सगळं जागेवर मिळेल." गेल्या वर्षी माझ्या बायकोचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही हिनं सगळं जागेवरच दिलं होतं. व्यायाम करून घ्यायला आलेल्या फिजिओथेरपिस्टला "ताईला दुखतंय, दिसत नाही?" म्हणून दारातूनच हाकललं. बायकोच्या मांड्यांच्या काड्या झाल्या. शेवटी उभी केली तेव्हा कोसळली आणि त्यातच गेली. आता तिचा बेडपॅन बाजूला सारून मी वॉकर ओढला. "पडाल!" "बाजूला हो." "मी काय ताईची वैरीण होते?" "वैरीण असतीस तर तिनं तुझं ऐकलं नसतं." ती रडायला लागली. रडतच तिनं आधाराला हात पुढे केला. मी तो धरला नाही. माझे पाय थरथरत होते. तसाच वॉकर टेकत संडासापर्यंत गेलो आणि दार तिच्या तोंडावर लावून घेतलं.