भुताची पुरनपोळी

रिसोडच्या एका दालमिलीत आमी बाया डाळीतले खडे निवडो. मंग निवडाची मशीन आली अन् पयल्याच दिवशी खडखड करून बंद पडली. मालकानं बाजूले उभ्या रुपाबाईले कामावरून हाकललं. म्या तिले समजावलं, "तुहा काय गुन्हा वं? मशीनीत भूत होतं!"

आता इतक्या वर्सांनी, परवा मिलीचा इतिहास लिहनारी मॅडम रुपाबाईच्या घरी आली, तं म्या त्या भुताले शिंगं बी लावले. रुपाबाई तिले म्हने, "खरं हाय पोरी. मी आजूनबी पोळ्याच्या सनाले भुतासाठी पुरनपोळी करतो. माहे गुडघे चालत नाही, म्हनून हे माही मैतरीनच मिलीत नेऊन ठेवते."

मॅडमनं समदं लिहून घेतलं.



मशीनीत दगड म्याच टाकला होता; पोळी बरोबर जागी पोचते, पन माह्या घशाखाली उतरत नाही.