दोन सारख्या चाकोऱ्या

बुधवारी सकाळी आठ वाजता ठेकेदार व्यंकटरावांची लाल मोटार बैलांनी ओढत हिंगोलीत मिस्त्रीच्या दुकानाशी आणली. मागचं डावं चाक चिखलानं माखलं होतं. उजव्या चाकावर वीतभरच डाग होता. मिस्त्री मोहनसिंगनं दोन्ही बाजूंनी एकदा पाहिलं. काय झालं असेल ते त्याला कळलं.

गाडी दोन माणसांची, बसकी, शर्यतीची. साल १९४८, श्रावण. सरहद्दीवर माल अडला होता आणि निजामाच्या मुलखात मीठ मिळत नव्हतं. या भागातला मिठाचा ठेका व्यंकटरावांकडे होता. ते सांगतील तो भाव. फक्त दर शुक्रवारी एका तांड्याचे बैल वाशीमकडून पैनगंगा ओलांडून मीठ आणत. रस्ता सोडून, रानातून. ठेकेदार बंदूक घेऊन गाडीतून त्यांच्या मागे लागत. काळ्या रानात गाडी रुतायची. तरी मागच्या महिन्यात उघडीप पडली तेव्हा चार बैल हाती लागले होते. ते आता ठेकेदारांच्या गोठ्यात होते. तांड्याकडे सोळा उरले होते.

तांडा मोहनसिंगचा. बैलांच्या रांगेपुढं चालणारी रूपाबाई त्याची आई. बुधवारी ती त्याला भाकरी घेऊन आली होती आणि दुकानाच्या पायरीवर बसली होती. ठेकेदारांचा नोकर तिला उठवायला गेला.

"बसू दे म्हातारीला," व्यंकटराव म्हणाले. "ऐकू दे."

त्यांनी खिशातून विलायती मासिकाचं पान काढलं. त्यात शर्यतीच्या गाडीचा मागचा आस उघडून दाखवला होता.

"मला असं पाहिजे. एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं."

गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त फिरावं लागतं, आतलं कमी. आसाच्या मधोमध असलेला दातऱ्यांचा, म्हणजे दातेरी चाकांचा, गोळा ती सोय करतो. चिखलात हीच सोय नडते. ज्या चाकाला पकड नाही तेच गरगरतं, दुसरं उभं राहतं.

"याच्यात चकत्या असत्यात," मोहनसिंग म्हणाला. "चाकाला थोडं घसरू देत्यात, मंग धरत्यात. मुंबईहून आता येणार न्हाईत. जुन्या लॉरीच्या कापून बसवतो. आठ दिवस द्या."

"मला परवा पाहिजे."

"परवा पाहिजे तर एकच हाय. दातऱ्यांत पोलादी पाचरी ठोकतो, दोन्ही चाकं एक करतो. गाडी रुतणार न्हाई. पण वळणार बी न्हाई. माझं ऐका, चकत्या घ्या."

"अडीच मण मीठ पाठीवर असलेला बैल तरी कुठं वळून राहिला?" व्यंकटराव हसले. "ठोक पाचरी. आन् माझ्या मिठाला जाग, मिस्त्री."

"मीठ तर आमी आणून राहिलो," पायरीवरून रूपाबाई म्हणाली.

नोकराला हसू आलं. त्यानं ते गिळलं.

रूपाबाईनं पदर सावरला. "वळत न्हाई म्हंजी किती रं?"

"खळ्यात तिवड्याच्या खांबाभोवती बैल फिरतेत ना, आई," मोहनसिंग मान वर न करता म्हणाला. "तेवढ्या गोलात तर मुळीच न्हाई."

हे ठेकेदारांनीही ऐकलं.

"लिहून दे," ते म्हणाले. "रुतली तर तुलाच गाडतो."

मोहनसिंगनं लिहिलं. दोन्ही चाकं एक केली आहेत. गाडी रुतणार नाही. गाडी वळणार नाही. चकत्या सोडून पाचरी मालकानं निवडल्या. व्यंकटरावांनी खाली झोकात सही केली. रूपाबाई तोवर निघून गेली होती.

गुरुवारी दुपारी गाडी तयार झाली. बाजारामागच्या चिखलातून ठेकेदारांनी ती दोनदा नेली. रुतली नाही. तिसऱ्या प्रहरी मोहनसिंगचा मेहुणा थावरा दुकानासमोर थांबला.

"बैल गेले तर तांड्यात पाय ठेवू नको," तो म्हणाला आणि थुंकून गेला.

मोहनसिंग हत्यारं पुसत राहिला.

शुक्रवारी सकाळी पावणेसात वाजता तांड्याच्या बैलांमागे भरधाव सुटलेली लाल गाडी दरडीवरून पैनगंगेच्या डोहात पडली. व्यंकटराव आणि नोकर पोहून बाहेर आले. बंदूक सापडली नाही. नऊ वाजता कनेरगावच्या बाजारात मीठ उतरलं.

दुपारी फौजदारानं मोहनसिंगला बोलावलं. ठेकेदार ओल्या जोड्यांनिशी तिथंच बसले होते. मिस्त्रीनं मुद्दाम गाडी बिघडवली, अशी त्यांची तक्रार होती. मोहनसिंगनं सहीचा कागद पुढं केला.

फौजदारानं तो दोनदा वाचला. "तुझीच माणसं वाचली. आन् तू म्हणतोस काम चोख केलं?"

"व्हय. रानात जाऊन बघा, साहेब. माझ्या कामात खोट निघाली तर बेड्या घाला."

फौजदार पंच घेऊन नदीवर गेला. दरडीपासून चाळीस पावलांवर ओल्या काळ्या मातीत खुरांचा एक गोल होता, खळ्याएवढा. सोळा बैल त्यात तीन वेळा फिरले होते. गोलाच्या बरोबर मधून दोन चाकोऱ्या गेल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळपर्यंत तक्रारीचा निकाल लागला नव्हता. मोहनसिंगला सोडलं नव्हतं आणि बेड्याही घातल्या नव्हत्या. गाडी डोहातच होती. पंचनाम्यात पंचांनी एवढंच लिहवलं होतं: दोन्ही चाकोऱ्या सारख्या खोल, एकही चाक घसरलेलं नाही, काठापर्यंत रेघ सरळ.