ठणठणीत

मंत्र्याला गोळी घालणाऱ्याचा हेतू काय असेल, यावर टीव्हीवाले तीन दिवस काथ्याकूट करत होते. कुणाला विरोधकांचा हात दिसत होता, कुणाला परदेशाचा. त्याच्या बापाने मात्र वकिलाच्या टेबलावर औषधांच्या चिठ्ठ्यांचा ढीग ओतला.

"हेतूबितू काही नाही हो. कॉलेजात असल्यापासून त्याच्या कानात कुणीतरी बोलतं. त्याला वेडा ठरवा, काहीही करा, पण फाशी टाळा."

चाळता चाळता वकिलाचा हात थबकला. "हा तर ठणठणीत बरा असल्याचा दाखला. गेल्याच वर्षीचा. कुणी आणला?"

"मीच," बाप म्हणाला. "डॉक्टरांच्या पाया पडून. त्याशिवाय मंत्रीसाहेबांचा अंगरक्षक म्हणून त्याच्या हातात बंदूक देत नव्हते."