खानदानी चेहरा

लेकीला उमराव घराण्यातलं स्थळ आलं, तसे पाखोम शेटजी हुरळूनच गेले. व्यापाऱ्याची शान म्हणून छातीपर्यंत वाढवलेली दाढी त्यांनी सकाळीच उतरवली, काळा शहरी कोट चढवला आणि दारापाशी येरझाऱ्या सुरू केल्या.

"अहो, बसा की! लग्न पोरीचं आहे, तुमचं नाही," उस्तीन्याबाई नवऱ्यावर करवादल्या.

"गप गं! जावयाने अजून मला पाहिलेलं नाही. पहिल्या नजरेतच मी त्यांच्यातला वाटलो पाहिजे!"

कोपऱ्यात हात शेकणारा म्हातारा गाडीवान दाढीतल्या दाढीत हसला.

बाहेर घुंगरं वाजली. शेटजींनी धावत जाऊन स्वतःच दार उघडलं.



उमरावाने फरकोट काढून शेटजींच्या हातात टाकला आणि सरळ जाऊन गाडीवानाला कडकडून मिठी मारली, "सासरेबुवा!"